कोकिळेचा पंचम कुणी मोजला आहे?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास सापडतो. ‘संगीतातील सात स्वर कोणकोणत्या प्राण्यांच्या आवाजांवरून आले?’ उत्तरही ठरलेले असते. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार शेळीचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. विद्यार्थी ही यादी पाठ करतात, स्पर्धेत एका दमात म्हणून दाखवतात आणि गुण मिळवतात. शिक्षकही समाधान पावतात. मला मात्र हे उत्तर ऐकले की वाटते, हे म्हणणाऱ्यांपैकी चातक ऐकलेले किती असतील? आणि ज्यांनी कोकिळ ऐकला आहे (तो तर सगळ्यांनीच ऐकला आहे), त्यांपैकी किती जणांनी हार्मोनियम जवळ घेऊन तो खरोखर पंचमात ओरडतो का, हे पाहिले असेल?

विद्यार्थी मित्रहो, या यादीबद्दल दोन प्रकारची माणसे मला भेटतात. एक म्हणतात, “पाहा, आपल्या पूर्वजांना ध्वनिशास्त्र किती अवगत होते!” दुसरे म्हणतात, “या साऱ्या भाकडकथा, विज्ञानाच्या तासाला त्यांचे काय काम?” दोघांचेही ठाम मत असते आणि दोघांनीही कान देऊन काही ऐकलेले नसते. माझे म्हणणे वेगळे आहे. ही यादी विज्ञानाच्या तासाला अवश्य आणावी, पण उत्तर म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. नववी-दहावीच्या मुलांना ध्वनीचे जेवढे शास्त्र शिकवले जाते, तेवढ्यावर ती तपासता येते आणि ती तपासता तपासता प्राण्याचा आवाज वाद्यावर कसा उतरतो, या अतिशय रंजक विषयाचे दार उघडते.

प्रथम यादीचे मूळ पाहू. वर दिलेली यादी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या संस्कृत ग्रंथातली आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात आपल्याच महाराष्ट्रात, देवगिरीला म्हणजे आजच्या दौलताबादला लिहिला गेला. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजा तेव्हा गादीवर होता. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि तो स्वतः राजाच्या पदरी हिशेबाच्या खात्यातला वरिष्ठ अधिकारी. हिशेबनिसाने संगीतावर सर्वांत मोठा ग्रंथ लिहावा, याची मला नेहमी गंमत वाटते. त्याच्याही आधीच्या ‘नारदीय शिक्षा’ या ग्रंथात अशीच यादी आहे, परंतु ती जशीच्या तशी नाही. तिथे ऋषभ गाईबैलांचा आहे आणि धैवत घोड्याचा.

म्हणजे एका ग्रंथाच्या मते धैवत बेडूक बोलतो आणि दुसऱ्याच्या मते घोडा! काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रश्नमंजूषेत मी पाहुणा म्हणून बसलो होतो. धैवताच्या प्रश्नाला एका मुलीने ‘बेडूक’ असे उत्तर दिले. संयोजकांच्या कागदावर ‘घोडा’ होते. गुण कापले गेले. मुलगी गप्प बसली. तिच्या बाजूने देवगिरीचा शार्ङ्गदेव उभा होता, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि कागद हातात धरणाऱ्यांनाही. पण समजा, दोन्ही उत्तरांना गुण दिले असते, तर प्रश्न सुटला असता काय? मुळीच नाही. कारण दोन ग्रंथ वेगवेगळे सांगत असतील, तर विज्ञान शिकणाऱ्याने बेडूक आणि घोडा या दोघांकडेच जायला हवे.

तर आता मोजायला बसू.

सा कुठे आहे?

स्वराची उंची, जिला आपण तारता म्हणतो, ती कंपनसंख्येवर अवलंबून असते. सेकंदाला जितकी कंपने अधिक, तितका स्वर चढा. पण ‘पंचम’ हे काही ठरावीक कंपनसंख्येचे नाव नव्हे. आपल्या संगीतात गायक आपल्या गळ्याला मानवेल तिथे षड्ज धरतो आणि बाकीचे स्वर त्या षड्जाच्या हिशेबाने लागतात. पंचम म्हणजे षड्जाच्या दीडपट कंपनसंख्या. मध्यम म्हणजे षड्जाच्या चार-तृतीयांश पट. ही गुणोत्तरे आहेत. भूमितीत आरंभबिंदू ठरवल्याशिवाय ‘हा बिंदू पाच एकक दूर आहे’ या वाक्याला अर्थ नसतो, तसेच षड्ज ठरवल्याशिवाय ‘हा पंचम’ या वाक्याला अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कोकिळाच्या ओरडण्यातला एक क्षण आपण पकडला आणि त्याची कंपनसंख्या सेकंदाला ९०० भरली. आता चार मुलांना चार तंबोरे द्या. पहिल्याचा षड्ज ३०० कंपनांचा आहे. ९०० म्हणजे त्याच्या तिप्पट. तार सप्तकातला षड्ज ६०० चा आणि ६०० ची दीडपट ९००. म्हणजे पहिला मुलगा म्हणेल, “सर, पंचम!” ग्रंथ खरा ठरला. दुसऱ्याचा षड्ज २७० चा आहे. त्याचा तार षड्ज ५४० चा आणि ९०० ला ५४० ने भागले तर येतात पाच-तृतीयांश. हा झाला धैवत. तिसऱ्याने षड्ज २४० धरला आहे, संगीताच्या पुस्तकांत सोयीसाठी धरतात तसा. त्याच्या हिशेबाने ९०० म्हणजे तार सप्तकातला शुद्ध निषाद, कारण ९०० भागिले ४८० म्हणजे पंधरा-अष्टमांश. चौथ्याचा षड्ज २२५ चा आहे. त्याला तर तोच आवाज थेट षड्जच वाटेल, दोन सप्तके वरचा. पक्षी तोच, झाड तेच, क्षण तोच, आणि उत्तरे चार. चारही बरोबर!

शिवाय आपण एक क्षण पकडला, ही लबाडीच आहे. कोकिळ ‘कुऽऊ’ करतो तेव्हा त्याचा स्वर एका जागी थांबत नाही, तो खालून वर सरकतो. संगीतात ज्याला मींड म्हणतात, तशी ती असते. आणि मार्च-एप्रिलमध्ये नीट ऐकलेत तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. तो एकामागून एक हाका देऊ लागला की प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा थोडी चढी असते. चढता चढता तो एकदम थांबतो आणि पुन्हा खालून सुरुवात करतो. या शिडीतली कोणती पायरी पंचमाची? (जाता जाता सांगतो, हा गाणारा नर असतो, काळाभोर. ठिपक्याठिपक्यांची मादी गात नाही, ती ‘किक् किक्’ करते. कवींनी ‘कोकिळा गाते’ असे कितीही लिहिले तरी निसर्गाने त्यात दुरुस्ती केलेली नाही.)

हत्तीचे काय? आपल्या लहानपणी गोंदियाच्या मुलाला हत्ती म्हणजे सर्कशीतला. पण २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा एक कळप गडचिरोलीत उतरला आणि २०२२ मध्ये तो आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यापर्यंत आला. आता हत्तीचा आवाज हा इथल्या शेतकऱ्यांसाठी प्रश्नमंजूषेचा विषय राहिलेला नाही. हत्तीचा चीत्कार आपल्याला कर्कश ऐकू येतो हे खरे. परंतु हत्ती एकमेकांशी बोलतात ते बव्हंशी पोटातून आल्यासारख्या गुरगुरीत. १९८४ मध्ये केटी पेन या अमेरिकन संशोधक बाई पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींच्या पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांना काही ऐकू येत नव्हते, पण हवेत धडधड जाणवत होती. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात उभे असताना मोठ्या ऑर्गनच्या सर्वांत खालच्या स्वरांना अशीच धडधड जाणवायची, हे त्यांना आठवले. त्यांनी सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रणे केली आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध केले की हत्तींच्या या हाका सेकंदाला १४ ते २४ कंपनांच्या असतात. माणसाचा कान साधारण २० च्या खाली ऐकत नाही. म्हणजे सप्तकातला सर्वांत चढा स्वर ज्याच्या नावावर मांडला, त्याचे बरेचसे बोलणे आपल्या ऐकण्याच्या तळाशी, कधी तळाच्याही खाली चालते.

यावर काही संगीतप्रेमी म्हणतात की यादी शब्दशः घ्यायची नसते, ती शिष्यांना स्वरांचा स्वभाव ध्यानात राहावा म्हणून केलेली आठवणीची सोय आहे. हे मला पटण्यासारखे वाटते. पण मग ती तशीच सांगावी. ‘स्वर प्राण्यांपासून आले’ असे ठोकून देऊ नये.

वाद्याने नेमके काय उचलले?

आता उलट बाजूने पाहू. प्राण्याचा एकटा स्वर ओळखता येत नाही म्हणता, मग क्लॅरिनेटवर कोणी दोन स्वर वाजवले की सारा युरोप ‘कक्कू! कक्कू!’ म्हणून कसा ओळखतो?

उत्तर वरच्या गणितातच आहे. एका स्वराला नाव नसते, पण दोन स्वरांमधल्या अंतराला असते. युरोपातला कक्कू पक्षी दोनच स्वर ओरडतो, पहिला चढा आणि दुसरा उतरा. या दोहोंचे गुणोत्तर आपण कोणताही षड्ज धरला तरी बदलत नाही. बेथोव्हेनने १८०८ मध्ये आपली सहावी सिंफनी सादर केली. ती ग्रामजीवनावरची आहे. तिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन पक्षी येतात आणि बेथोव्हेनने स्वरलिपीत त्यांची नावेच लिहून ठेवली आहेत. नाइटिंगेल बासरीवर, लावा ओबोवर आणि कक्कू क्लॅरिनेटवर. क्लॅरिनेट म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमध्ये असते तेच वाद्य, आणि ओबो हे सनईच्या कुळातले, दुहेरी पत्तीचे. या तीन पक्ष्यांत बेथोव्हेनने तीन निरनिराळ्या गोष्टी उचलल्या आहेत. कक्कूचे स्वरांतर, लाव्याची लय आणि नाइटिंगेलचा कंप. लाव्याच्या आवाजात ओळखण्यासारखा आहे तो ठेका, स्वर नव्हे. जर्मन खेड्यांतल्या लोकांना त्या ठेक्यात ‘देवाला भ्या’ असे शब्द ऐकू येत, जसे आपल्या शेतकऱ्याला पावशाच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते. ज्याची त्याची भाषा!

ही रचना सादर झाली तेव्हा बेथोव्हेनचे कान बरेच निकामी झाले होते. पक्षी त्याने आठवणीतूनच लिहिले असणार.

त्याच्या कक्कूचे स्वरांतर पाच छेद चार आहे, म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध गांधारावरून षड्जावर उतरणे. १८८६ मध्ये फ्रान्सच्या सँ-साँस याने ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ रचला, त्यातही क्लॅरिनेटवर कक्कू आहे आणि त्याचे स्वरांतरही तेवढेच. रानातला कक्कू मात्र इतका शिस्तीचा नसतो. त्याचे दोन स्वर कधी जवळ येतात, कधी लांब जातात. वाद्यांच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, म्हणून संगीतकार जवळच्या पट्टीवर त्याला बसवतो. आपण दशांश चिन्हानंतरचे आकडे सोडून देतो, तसेच हे.

सँ-साँसच्या त्याच रचनेत हत्तीही आहे आणि तो डबल बेस या सर्वांत खर्जातल्या तंतुवाद्यावर येतो. डबल बेसची सर्वांत खालची तार सामान्यतः ४१ कंपनांची असते. हत्तीच्या गुरगुरीच्या ती जवळपास एक सप्तक वर! पण सँ-साँसला हत्तीचा आवाज हवाच नव्हता. त्याने दुसऱ्या एका संगीतकाराचे, बेर्लिओझचे, हलकेफुलके परीनृत्य उचलले आणि ते डबल बेसला वाजवायला दिले. हत्तीचे वजन आणि त्याचा नाचण्याचा प्रयत्न, हे त्याला दाखवायचे होते. गाढवाच्या बाबतीत मात्र त्याने आवाजच घेतला. दोन व्हायोलिने अतिशय चढ्या स्वरावर किंचाळतात आणि लगेच एका खर्ज स्वरावर आपटतात. ‘हीं-हाँ’ ओळखायला क्षणही लागत नाही.

प्रोकोफिएफचे ‘पीटर आणि लांडगा’ १९३६ चे. ते मुलांसाठीच लिहिलेले असल्याने तुम्ही ऐकाच. त्यात चिमणा पक्षी बासरीवर, बदक ओबोवर, मांजर क्लॅरिनेटवर आणि लांडगा तीन फ्रेंच हॉर्नवर येतो. बासरीच्या चढ्या स्वरात मूळ स्वर प्रबळ आणि वरचे अधिस्वर क्षीण असतात. पक्ष्याची शीळही तशीच असते, म्हणून ही जोडी जमते. ओबोत अधिस्वर भरपूर, त्यामुळे आवाज नाकात बोलल्यासारखा, म्हणून बदक. यालाच आपण ध्वनीची जात किंवा गुण म्हणतो. पण मांजर? क्लॅरिनेट काही म्याव करत नाही. तिथे मांजराची दबकी चाल घेतली आहे. आणि पाहा, बेथोव्हेनकडे जे वाद्य कक्कू होते, तेच प्रोकोफिएफकडे मांजर झाले! एका वाद्याला जसा एक प्राणी कायमचा चिकटवता येत नाही, तसा एका स्वरालाही येत नाही.

अलीकडच्या काळात ही नक्कल निराळ्याच वळणाला गेली. इटलीच्या रेस्पिगीने १९२४ च्या ‘रोमचे पाइनवृक्ष’ या रचनेत नाइटिंगेल वाद्यावर वाजवलाच नाही. वाद्यवृंदाच्या मधोमध ग्रामोफोनची तबकडी लावायला सांगितली, खऱ्या पक्ष्याची. फिनलंडच्या राउताव्हाराने १९७२ मध्ये उत्तरेकडच्या पाणथळींतल्या पक्ष्यांची टेप वाद्यवृंदाबरोबर वाजवली आणि त्यातल्या एका चंडोलाचा आवाज दोन सप्तके खाली आणला. टेप निम्म्या वेगाने फिरवली की प्रत्येक कंपनसंख्या निम्मी होते, म्हणजे आवाज बरोबर एक सप्तक उतरतो. आणखी निम्मी केली की दोन. तरीही स्वरांमधली गुणोत्तरे तीच राहतात, म्हणून गाणे ओळखू येते.

फ्रान्सच्या ऑलिव्हिए मेसियाँने हेच काम मुख्यतः कानाने आणि कागद-पेन्सिलीने केले. पहाटे रानात जाऊन तो पक्ष्यांची गाणी स्वरलिपीत उतरवी. पक्षी वाद्यांच्या मानाने फार जलद आणि फार चढे गातात, शिवाय त्यांची स्वरांतरे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराहूनही लहान असतात. म्हणून तो ती गाणी संथ करी, काही सप्तके खाली आणी आणि सगळी स्वरांतरे एकाच प्रमाणात वाढवी. नकाशा काढताना आपण प्रमाण धरतो ना, तसेच. १९५६ मध्ये पॅरिसला सादर झालेल्या त्याच्या ‘परदेशी पक्षी’ या रचनेत भारतातली डोंगरी मैनाही आहे. आणि याच रचनेत तालवाद्ये कोणते ताल वाजवतात? शार्ङ्गदेवाचे! ‘संगीतरत्नाकरा’त १२० देशी तालांची यादी आहे. ती मेसियाँला विद्यार्थिदशेतच एका फ्रेंच ज्ञानकोशात सापडली आणि त्याने ती आयुष्यभर वापरली. देवगिरीच्या हिशेबनिसाचे ताल सातशे वर्षांनंतर पॅरिसमध्ये पक्ष्यांच्या साथीला बसले.

मला यात विशेष वाटते ते असे की मेसियाँने शार्ङ्गदेवाची तालांची यादी घेतली, ती त्याला मोजता आणि वाजवता येत होती म्हणून. प्राण्यांच्या यादीवर मात्र तो विसंबला नाही, त्यासाठी तो रानात गेला. आपण नेमके उलटे करतो. ताल विसरतो आणि प्राणी पाठ करतो.

आपल्या जिल्ह्यातला मध्यम

यादीतला मध्यम क्रौंचाचा आहे, आणि इथे आपल्या गोंदिया जिल्ह्याचा थेट संबंध येतो. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी? मराठीत हे नाव करकोच्याला लावतात, साध्या क्रौंचालाही लावतात. रामायणातला क्रौंच म्हणजे सारसच, असे ज्यूलिया लेस्ली या विदुषीने १९९८ मध्ये पक्ष्याच्या सवयींचा आणि संस्कृत वर्णनांचा मेळ घालून मांडले. नवेगाव बांधला अनेक वर्षे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ चाळला तरी एकेका पक्ष्याला किती नावे असतात हे कळते. तेव्हा ‘मध्यम क्रौंचाचा’ असे म्हणणाऱ्याने आधी पक्षी कोणता ते सांगावे, मग षड्ज कोणता ते सांगावे.

आपण तूर्त सारस धरू, कारण तो आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ फक्त पूर्व विदर्भातच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक गोंदिया जिल्ह्यात. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातली त्यांची संख्या पन्नाशीच्या आतच भरली आहे. धानाच्या बांध्यांत फवारली जाणारी औषधे, विजेच्या तारांचे धक्के, बुजत चाललेल्या बोड्या आणि तलाव ही त्याची कारणे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, इतकी वेळ आली. परसवाडा, झिलमिली या बाजूच्या मुलांनी सारस पाहिलेला असतो. जिल्ह्याच्या बाकीच्या भागांतल्या कितीतरी मुलांनी त्याचा आवाज एकदाही ऐकलेला नाही, आणि तीच मुले ‘मध्यम – क्रौंच’ असे लिहून एक गुण घेतात.

सारसाचा आवाज भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मोठा नामी आहे. त्याची श्वासनलिका त्याच्या मानेपेक्षाही लांब असते आणि तिची वेटोळी छातीच्या हाडात शिरलेली असतात. फ्रेंच हॉर्नची पितळी नळी जशी गुंडाळून ठेवलेली असते, तसेच काहीसे हे आहे. पण क्रौंचकुळातल्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली आहे. नळीची कंपने त्या हाडाला मिळतात आणि हाड सतारीच्या भोपळ्यासारखे किंवा व्हायोलिनच्या पेटीसारखे काम करते. म्हणूनच हा आवाज शांत पहाटे दोनदोन किलोमीटर जातो. तेव्हा कोणी संगीतकाराने वाद्यवृंदात सारस आणायचे ठरवले, तर त्याला पितळी वाद्यांकडे जावे लागेल, असा माझा तर्क आहे.

आणि सारस एकटा ओरडत नाही. नर आणि मादी माना वर करून जोडीने, एकमेकांच्या हाकेत हाक गुंफून ओरडतात. म्हणजे आपल्याला दोन स्वर मिळाले! आता षड्ज कोणाचा, हा वाद उरत नाही. नराच्या आणि मादीच्या स्वरांचे गुणोत्तर काढा. ते चार-तृतीयांशाच्या जवळ आले तर म्हणा की सारसाच्या जोडीत षड्ज-मध्यम आहे. नाही आले तर जे येईल ते लिहा.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांच्या खिशातला फोन पुरे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेले ‘फायफॉक्स’ नावाचे विनामूल्य साधन फोनवर घेतले की ध्वनीतल्या कंपनसंख्यांचा आलेख समोर दिसतो. आधी शाळेतल्या हार्मोनियमच्या पट्ट्या मोजून साधन नीट चालते का ते पाहा. मग शाळेच्या आवारातल्या कोकिळाच्या एका रांगेतल्या सगळ्या हाका मोजा, प्रत्येक हाकेचा आरंभ आणि शेवट असे दोन आकडे. मग शेळी, ती तर प्रत्येक गावात आहे, आणि तिला परवानगीही मागावी लागत नाही. पावसाळ्यात बेडूक. लहान बेडूक आणि मोठा बेडूक वेगळे मोजा आणि धैवत कोणत्या आकाराचा ते शार्ङ्गदेवाला विचारा. चातकही पावसाबरोबरच येतो. मोराची केका नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत उन्हाळ्याच्या अखेरीस सकाळ-संध्याकाळ सहज मिळेल. कावळा मोजायला गेलात तर आलेखात एक टोक न दिसता सगळा गोंधळच दिसेल. त्याला यादीत जागा का मिळाली नसावी, हे त्यावरून कळेल.

सारसाच्या बाबतीत मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या कडेला घरटे करतो. त्या दिवसांत जवळ जाऊच नये. मुद्रित केलेला आवाज त्याला परत ऐकवू नये, कारण आपल्या हद्दीत दुसरी जोडी आली असे समजून तो बिथरतो. उन्हाळ्यात, पाणी आटून पक्षी मोजक्या तलावांवर गोळा होतात तेव्हा, गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन दिवस उजाडण्याच्या सुमारास पाळीवर बसावे, पक्ष्यांपासून दोनशे-तीनशे मीटर तरी दूर. आवाज तेवढ्या अंतरावर भरपूर पोहोचतो. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे वाहत असेल तर अधिक चांगले. फोन हातात न धरता पाळीवरच्या दगडावर ठेवावा, म्हणजे बोटांची खरखर येत नाही. तारीख, वेळ, तलावाचे नाव, किती पक्षी दिसले आणि त्यांतले किती ओरडले, हे वहीत लिहावे. त्याखाली दोन रकाने आखावेत, एक नराच्या कंपनसंख्येचा आणि एक मादीच्या.